कोबा ऐन वेचणीत

"बाई, तुमचं निंभोरं दिसते ना वो वरून," रिकामं टोपलं खाली टेकवता टेकवता मैनाबाई सहज बोलून गेली, आणि चुन्याचं दुसरं टोपलं डोक्यावर घेऊन बांबूच्या परांचीला लागलीसुद्धा. सत्यभामेचा हात बेलफळाच्या गरात मनगटापर्यंत रुतलेला होता, तो तसाच राहिला. गच्चीच्या चुन्यात कालवायला बेलाचा गर, गूळ आणि मेथीचं पाणी लागतं, आणि ते मजुरणींच्या हाती दिलं तर गूळ अर्धाच पोचतो, म्हणून हे काम घरधनिणीकडे आलं होतं. मागच्या अंगणात बसून चार दिवस ती गर कालवत होती, आणि चार दिवस तिच्या डोक्यावरून मजुरणींचे पाय वर जात होते आणि खाली येत होते. निंभोरं दिसतं? हिनं दुसरंच कोणतं गाव पाहिलं असणार. वऱ्हाडात गावांना काय तोटा! निंभोरं हे तिचं माहेर, आणि ते दूर आहे ही गोष्ट तिला स्वतःच्या नावाइतकी पक्की ठाऊक होती. दूर असलेली वस्तू दिसत नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं गर पुन्हा ढवळायला घेतला, पण बोटं कशात फिरताहेत याचा तिला पत्ता नव्हता.

आता हे घर कसं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर या बाईला एवढा धक्का कशाचा बसला ते कळायचं नाही. अमरावतीच्या परकोटाच्या आत, भिंतीला जवळजवळ पाठ टेकून उभं असलेलं हे देशमुखांचं धाब्याचं घर. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, वर लाकडं टाकून मातीचं सपाट धाबं, त्यावर जायला जिना नाही, आणि रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही. पेंढाऱ्यांच्या धास्तीनं शहराला कोट घातला, आणि कोटावर भरवसा नव्हता म्हणून घरालाही कोटासारखंच केलं. पेंढारी गेले, भोसले गेले, निजामाचा अंमल जाऊन कंपनीचा आला आणि मग राणीचा. घर मात्र डोळे मिटून बसलं होतं ते बसलंच होतं. त्यात कापसाला भाव आला. साता समुद्रापलीकडे कुण्या मुलखात भाऊभाऊ एकमेकांवर तोफा डागत होते म्हणे, आणि तिथला कापूस अडकला म्हणून इथल्या पऱ्हाटीचं सोनं झालं होतं. सत्यभामेला हे कधी नीट उमगलंच नाही. कुठली कोण माणसं, त्यांच्या घरी रडारड, आणि तिच्या घरावर माडी! रात्रीतून शहाणी झालेली माणसं पेठेत मावत नव्हती. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली, कुणी दारात कारंजं बांधलं आणि त्यात घालायला पाणीच नाही. तिचे मालक खुशालराव त्या मानानं बरे. त्यांनी फक्त माडी काढली. पण काढली ती ऐन कार्तिकात. गच्चीचा कोबा कापसाच्या ऐन वेचणीत घालणारा माणूस एकतर भोळा असतो नाहीतर नवा श्रीमंत, आणि खुशालराव भोळे नव्हते. व्यापारी वेचणीच्या दिवसांत येतात, त्यांना माडीवर बसवायचं होतं; पुढच्या साली बसवून काय उपयोग?

माडीचा मक्ता घेतला होता सूर्यभान ठेकेदारानं. हा एलिचपूरचा. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, पण कानाचा असा पक्का की बोटाच्या पेरानं भिंत ठोकून आत उंदराचं बीळ कुठं आहे ते सांगावं. पहिल्या दिवशी त्यानं सबंध घर असं ठोकत ठोकत पाहिलं आणि खुशालरावांना म्हणाला, "मालक, ह्या भिंतीयले धक्का लावू नका. ह्या तीन माड्या पेलतीन. बांधणारानं माती लाथेनं नाई, जिवानं तुडवली हाये." दाराआड उभ्या असलेल्या सत्यभामेला ते ऐकून भरून आलं होतं. सव्वीस वर्षं ती या भिंती सारवत होती आणि कुणी त्यांच्याबद्दल चांगला शब्द बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. मग त्यानं कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर जिना काढला, एकेक पायरी रेघ मारून. ओसरी म्हणजे पुरुषांची बैठक. तिथून निघालेल्या जिन्यावर देशमुखाच्या बाईनं पाय ठेवायचा म्हणजे झालंच! पण आज मैनाबाईचं वाक्य कानात घेऊन ती माजघराच्या दाराशी गेली आणि दाराआडूनच म्हणाली, "अवो, ठेकेदाराले विचारा ना, जिना माजघरातून नाई काय निघत?"

खुशालराव हसले. वाईट हसले नाहीत. पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात तसे हसले. "माडीवर बायकायचं काय काम वं?" सूर्यभान मात्र उठला, माजघराच्या भिंतीवर दोन पेरं वाजवली आणि म्हणाला, "निघते ना. जागा बी हाये. मालक म्हनतीन तसं." "मालक म्हणते ओसरीतून," खुशालराव म्हणाले, आणि बोलणं व्यापाऱ्यांच्या गाद्या-तक्क्यांवर गेलं. सत्यभामा दाराआडच उभी राहिली. एकदाच वर जायचं होतं तिला. एकदा बघायचं आणि मैनाबाई खोटं बोलते म्हणून निवांत व्हायचं, बस. जिना एकदा ओसरीत गेला, परांची सुटली, की मरेपर्यंत माडी वर आणि ती खाली. आणि निवांत होणं तिला फार जरूर होतं, कारण ते वाक्य आता माईच्या मरणाशी जाऊन भिडलं होतं.

माय गेली मागच्या सालच्या वेचणीत. सकाळी निंभोऱ्याचा गडी दारात येऊन उभा राहिला, "म्हातारी सत्यभामा सत्यभामा करून राहिली," म्हणाला. खुशालराव म्हणाले, सगळ्या गाड्या कापूस घेऊन अकोल्याले गेल्या, दमणीचे बैलही त्यातच जुंपले. आणि निंभोरं काय इथं हाये? चार दिसांत बैल येतीन, मग जाऊ. तिनं पातळाची घडी घालून ठेवली. तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा आला. या वेळी तो दारात शिरला नाही, पारावरच बसला, तेव्हाच तिला कळलं. ती रडली, पण कुणावर रागावली नाही. रागवायचं कुणावर? बैलांवर? अंतर कुणी केलेलं नसतं, ते असतंच, देवानं डोंगर ठेवले तसं तेही ठेवलेलं. सासू जिवंत असताना म्हणायची, "माहेर दूर असलं की मन घरात राहते," आणि सव्वीस वर्षांत तिचं मन कसं बिनतक्रार घरात राहिलं होतं! माहेरी जाणं म्हणजे काय सोपं होतं? चांदण्या असताना पडदा पाडलेल्या दमणीत बसायचं, आत अंधार, खाली गवताचा वास, चाकांची कुरकुर. गाडी चाले, थांबे, पुन्हा चाले. मधेच मालक उतरत, कुणाशी तरी बोलत, शेतावर हाका मारल्याचं ऐकू येई, मग एका जागी गाडी इतका वेळ उभी राही की तिला डुलकी लागे. पडद्याच्या फटीतून ऊन येऊन पायावरून गुडघ्यावर चढे. सूर्य डोक्यावर आला की मग कुत्री भुंकत आणि माईचा आवाज येई, "आली का वं माय!" अर्धा दिवस. इतका अर्धा दिवस एका जागेपासून दुसरीपर्यंत पसरलेला असतो तेव्हा ती जागा दूर असणारच की.

तर पुढं असं झालं की कोबा टाकून तिसरा दिवस उजाडला आणि मजुरणी आल्याच नाहीत. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर. तो टाकून भागत नाही, लाकडी थाप्यांनी रात झोपेपुरती सोडून सतत बडवावा लागतो, पाणी मारत, ओळीनं, दगडासारखा होईपर्यंत. वीस बायका बडवत होत्या. पण त्या दिवशी परकोटाबाहेरच्या शेतांत सीतादई होती. दहीभात शिंपडून वेचणीला हात घालायचा दिवस. त्या दिवशी जो वावरात गेला त्याला वर्षभर वावर पोसतं. त्यातून यंदा मजुरीही चढलेली. वीसातल्या पाच आल्या, त्याही मैनाबाईनं शिव्या घालून ओढून आणल्या म्हणून. सूर्यभान ओसरीत येऊन डोक्याला हात लावून बसला. "मालक, कोबा थांबला की मेला. आज जर सुटला तर भेगा पडतीन, अन् पहिल्याच पान्यात तुमच्या गाद्या व्यापाऱ्यायसकट वायतीन." खुशालराव पेठेत गेले, दुप्पट मजुरी कबूल करून पाहिली, पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. सारं शहर वावरात. "मंग काय करावं म्हंता?" "घरातल्या बाया चढवा," सूर्यभान म्हणाला. मोठा धीराचा माणूस! खुशालराव त्याच्याकडे रोखून पाहू लागले. मग त्यांनी वर तयार होत आलेल्या माडीकडे पाहिलं. हौसेपुढं घराणंही वाकतं. "कनात लावा आंधी," ते म्हणाले, "रस्त्याकडून कोणाले काई दिसलं नाई पाहिजे."

लग्नातली कनात निघाली. ती तीन बाजूंना पुरली, चौथ्या बाजूला उरली नाही. पण तिकडे परकोटाची भिंत आणि पलीकडे नुसती वावरं, तिकडून कोण बघणार, म्हणून चालवून घेतलं. आपण बघू शकू हे कुणाच्या मनातही आलं नाही. सत्यभामा, तिची जाऊ आणि दोन पुतणसुना परांचीला लागल्या. बाकीच्या पदर सावरत, हसत, "माय वं, पडतो ना!" करत चढल्या. सत्यभामा सगळ्यांत शेवटी चढली. बांबू तळव्याखाली वाकत होता, दोरखंडाचा करकर आवाज होत होता, आणि एकेका पायरीला घर लहान होत होतं. ज्या अंगणात तिचा सगळा जन्म गेला ते अंगण वरून परातीएवढं दिसलं. त्यात तिचं बेलाच्या गराचं घमेलं, आणि बाजूला तिचा पाट, रिकामा. तिला तो पाट बघून विचित्र वाटलं. मग तिनं मान वर केली.

आई गं. एवढं सगळं इथंच होतं?

आभाळ. अंगणावर चौकोन कापून ठेवलेलं आभाळ तिला ओळखीचं होतं; हे आभाळ कापलेलं नव्हतं, ते कनात नसलेल्या बाजूला खाली येत येत जमिनीला टेकत होतं, खरंच टेकत होतं, कथेकरी सांगतात तसं. ज्या कोटाची तिला लग्न होऊन आल्यापासून दहशत, तो कोट खाली कुंपणासारखा पडलेला. त्याच्यावरून पलीकडे काळी जमीन, आणि काळ्या जमिनीवर पांढरं. पांढरं, पांढरं, नजर थकेपर्यंत फुटलेला कापूस, त्यात बायकांच्या लुगड्यांचे हिरवे-लाल ठिपके. सीतादईच्या गाण्याचा एखादा सूर वाऱ्याबरोबर येऊन जाई. उत्तरेला, जिथं काहीच नसायला हवं, तिथं निळी रेघ उभी होती. "ते काय वं मैना?" "ते? मेळघाट ना बाई. सातपुडा." सातपुडा हे नाव तिनं ओव्यांत गायलं होतं, जात्यावर. जात्यावर गायलेली वस्तू निळी असते आणि दिसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.  हे रोज इथं होतं. ती भाकऱ्या थापत होती तेव्हा होतं, बाळंतपणात होतं, सासूचं दुखणं काढत होती तेव्हाही, दोन हात जाड भिंतीच्या पलीकडे हे सगळं असंच अंथरून ठेवलेलं होतं, फुकट, आणि टोपली वाहणाऱ्या बायका दिवसातून पन्नासदा ते पाहून "काय दिसते?" म्हटलं की "काई नाई, पऱ्हाटी" म्हणत होत्या. तिला हात जोडावेसे वाटले. कुणाला ते कळेना, म्हणून तिनं तसेच जोडले.

मग थापी घेऊन ती ओळीत बसली. उघडी बाजू नेमकी तिच्या समोर होती. धप् धप् धप् धप् — नऊ थाप्या एका ठेक्यात. चुना खालून हळूहळू उत्तर देऊ लागला, आधी चिखलासारखं, मग लाकडासारखं. आणि पन्नासाव्या की शंभराव्या थापीला तिला ते दिसलं. पांढऱ्याच्या मधोमध एक मातकट उंचवटा. त्याच्यावर अर्धा ढासळलेला बुरूज, आणि बुरुजाच्या कुशीतून तिरपा निघालेला पिंपळ. निंभोऱ्याची गढी. त्या पिंपळावर चढली म्हणून तिनं माईच्या हातचा मार खाल्लेला होता. तिरपा पिंपळ असलेली दुसरी गढी उभ्या मुलखात नाही. गढीच्या पायथ्याशी घरांवर धुराची पातळ चादर होती. तिची थापी वरच राहिली. ती गढी क्षितिजावर नव्हती. क्षितिज तिच्या कितीतरी मागे होतं. गढी अलीकडे होती, हात लांबवून ताटातलं मीठ घ्यावं इतकी अलीकडे.

खाली ओसरीत सूर्यभानानं मान वर केली. "एक थापी थांबली, मालक." त्याच्या कानातून काय सुटणार? आठच थाप्या पडत होत्या. खुशालराव चिडून परांची चढून वर आले. "काहून थांबली? कोबा जाइन ना!" सत्यभामा उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं कधीच खाली गेला होता आणि तो घ्यायचं तिला सुचलं नाही. भर उन्हात, उघड्या आभाळाखाली, या माणसासमोर ती सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उभी होती. तिनं हात केला. "ते निंभोरं हाये ना?"

खोटं बोलता आलं असतं. खुशालरावांचा तसा स्वभावही अगदीच नव्हता असं नाही. पण त्यांनी तिकडे पाहिलं, आणि समोर एवढं स्वच्छ पडलेलं असताना त्यांची जीभ वळली नाही. "हाये," ते म्हणाले.

"पायी किती वेळ लागते?"

"तीन घटका."

"अन् दमणीनं अर्धा दिवस?"

"दमणी मोठ्या गेटानं फेरा घेऊन जाते. मंग वावरावर थांबत होतो मी, गड्यायले कामं लावून द्याले. मंग खळ्यावर."

"तुमाले मालूम होतं. माय आठवण करत होती तवा बी मालूम होतं."

"तवा कापूस..." खुशालराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं कापूसच कापूस होता, गढीपर्यंत आणि गढीच्या पलीकडे. आठ थाप्या खाली पडत होत्या. मैनाबाईनं मान वर न करता ठेका धरून ठेवला होता. "मालूम होतं," ते म्हणाले.

सत्यभामेला वाटलं आता आपण ओरडू. राग आला, का नाही येणार? पण रागाच्या आधी तिथं दुसरंच काही येऊन बसलं होतं आणि रागाला जागा होईना. तीन घटका! भाताचं आधण ठेवून वरण-भात, भाकऱ्या, भाजी होऊन पानं घेतली जातात तेवढ्यात तीन घटका होतात. आयुष्यात असे किती स्वयंपाक केले तिनं! आणि प्रत्येक स्वयंपाकाएवढ्या अंतरावर माय बसलेली होती, चालती-बोलती, डोळ्याला हात लावून वाटेकडे बघत. देवाचा डोंगर म्हणून ज्या अंतराला हात जोडले ते एका माणसाची शेतावरची कामं निघालं. तिला त्या अंतराचीच नवलाई वाटत होती; एवढंसं, आणि त्यानं तिला एवढं वर्षानुवर्षं धरून ठेवलं! ती पुन्हा खाली बसली, थापी उचलली. ठेका चुकला नाही. धप् धप्. डोळ्यांतून पाणी कोब्यावर पडत होतं आणि ते ती तसंच आत बडवत होती. खुशालराव उभेच होते. मग तेही कुणाला न सांगता खाली बसले आणि जावेच्या हातून सुटलेली थापी घेऊन उलटीसुलटी मारू लागले. बायका हसल्या नाहीत, ही मोठी गोष्ट.

माध्यान्ह कलली तेव्हा सूर्यभान वर आला. ओळीनं फिरत पेरं वाजवत गेला, चार ठिकाणी कान लावला, आणि एका ठिकाणी नुसताच हात ठेवून बसला. "झालं," तो म्हणाला. "बाईसाहेब, शंभर वर्सं पानी पेनार नाई हा कोबा." परांचीवरून सगळे खाली उतरले. ओसरीत खुशालरावांनी भिंतीवरच्या कोळशाच्या जिन्यावरून उपरण्याचं टोक फिरवलं. तो पुसला गेला नाही, नुसता फराटला. "सूर्यभानजी," ते दुसरीकडे पाहत म्हणाले, "जिना माजघरातून काढा. बाई सांगतीन तिथून."

सूर्यभान तिच्याकडे वळला. ती ओसरीत उभी होती, पुरुषांच्या बैठकीत, पायांवर घोट्यापर्यंत चुना, हातावर फोड. "सांगा बाईसाहेब. कुठून काढू?"

"कुठून बी काढा बाप्पा," सत्यभामा म्हणाली. तिनं पदर खोचला आणि दाराकडे निघाली.

"अवं, कुठं चालली?" खुशालराव धडपडत मागे आले. त्यांना कळलं होतं कुठं ते. "तिथं आता कोन हाये वं... अवं थांब, ऊन हाये. आज बैल घरीच हायेत. दमणी जुंपतो, थांब."

"नको," ती म्हणाली. "दमणीले लय उशीर होते."

आणि ओसरीच्या तीन पायऱ्या उतरून ती रस्त्याला लागली.